माशाला वळायला जागा

शेवटच्या दिवशी मामा भिंत मोजत होते. आई डबा घेऊन गेली तर हे स्टुलावर उभे, हातात टेप.

"ही भिंत पाडतो चिमे. टाकी स्वयंपाकघरात घुसवतो."

"आणि चहा काय तुझ्या डोक्यावर करू? उतर आधी खाली."

मामा खिडक्यांना काचा बसवायचे. मासा आणला तेव्हा बोटाएवढा होता. दुकानदार म्हणाला, टाकी जेवढी तेवढाच वाढतो. मामांना ते खरं वाटलं. पण तो आपला वाढतच गेला. मग मामांनी घरीच काच कापून मोठी टाकी केली, मग त्याहून मोठी. मामी गेल्यावर तर पलंगच बाहेर काढला, टाकी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि स्वतः खुर्चीत झोपायचे. एवढं करूनही माशाला धड वळता यायचं नाही. अंग दुमडून कसाबसा फिरायचा. शेपूट काचेला घासून घासून झिजलेली.

"अरे प्राणिसंग्रहालयात हौद आहे, देऊन टाक," आई कधीची मागे लागलेली. "मी विचारून आलेय. असे बरेच आणून सोडतात म्हणे लोक."

"दार उघडलं की तो काचेपाशी येतो गं. बाकी कोण येतं?"

"मी रोज डबा घेऊन येते ती काय भूत आहे?"

मामा हसले. "तू संध्याकाळी घरी जातेस ना. तो कुठे जातो?"

बोलून गेले आणि टाकीकडे बघत राहिले. मग टेप गुंडाळून म्हणाले, "उद्या बोलाव त्या हौदवाल्याला."

दुपारी खुर्चीत डोळा लागला तो लागलाच.

पुढचे काही दिवस आईच माशाला खायला घालायची. दार उघडलं की तो काचेपाशी यायचा, आईला बघायचा आणि तसाच मागे सरकायचा.

सगळं उरकल्यावर आईनेच हौदवाल्याला बोलावलं. ताडपत्रीची झोळी करून चौघांनी उचलला. वाटभर आई त्याच्यावर पाणी ओतत होती.

हौदात सोडला तर कठड्याला चिकटून नुसता पडून राहिला. बाकीचे मासे लांब फिरत होते.

"होईल सवय मावशी," हौदवाला म्हणाला, "तुम्ही जा आता."

आई गेली नाही. कठड्यावर बसून राहिली. बऱ्याच वेळाने त्याने शेपूट हलवली. ती कशाला लागली नाही. थोडा थांबला, आणि मग परत हलवली.