बटणाखालचा डबा

दिव्याचं बटण दाबण्याआधी मास्तर खिशातून पाच पैशांचं नाणं काढायचे, कपाळाला लावायचे आणि बटणाखाली टांगलेल्या बिस्किटाच्या डब्यात टाकायचे. टण्ण! मग दिवा. "आधी टाका, मंग दाबा," हा त्यांच्या घरचा कायदा. पाहुण्यालाही सूट नाही. असा माणूस तुम्ही पाहिला असेल तर सांगा, मी तरी दुसरा पाहिला नाही.

मास्तर म्हणजे शेगावच्या आमच्या गल्लीतले शिंपी. गल्लीत वीज नवीनच आली होती आणि मी घरोघर मीटर वाचत हिंडायचो. त्यामुळे त्यांचा सगळा राग माझ्यावर.

"घासलेट पाह्य बाबू. पैसे देल्ले, बाटली आणली. किती राह्यलं ते डोयानं दिसते. अन् तुमचं हे मीटर! गुमान खाऊ घालते अन् महिन्यानं पैसे मांगते. जेवल्यावर भाव सांगते का कोणी?"

"मास्तर, सारं गाव असंच भरते."

"सारं गाव येडं आहे."

म्हणून तो डबा. एका तासाला पाच पैसे, भाव मास्तरांनीच ठरवलेला. बिल डब्यातल्या पैशांच्या वर गेलं की कनेक्शन कापायचं आणि पुन्हा चिमणी लावायची, अशी त्यांनी शपथच घेतली होती. आणि हा माणूस बोलला की करणारच.

वहिनींचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, जीव मात्र त्या दिव्यात अडकलेला. कपड्यांची काजं त्याच करायच्या. लग्नसराईत दिवा फार जळला. मी आकडा लिहीत होतो, तर मागून हळूच म्हणाल्या, "भाऊ, थोडा कमी लिहा नं. चिमणीत मले टाका बी दिसत नाही."

कमी कसा लिहिणार? नोकरी जायची! पण त्यांचं तोंड पाहवेना. मास्तर मशीन चालवत होते. त्या खडखडाटात मी खिशातली सगळी चिल्लर डब्यात सोडली.

बिल भागलं, वर पैसेही उरले. मास्तर खूश व्हावेत की नाही? उलट भडकले. "उजेड न घेता पैसे कोनं टाकले? हे बी चोरीच होय!" मग उरलेले तास संपवायला भर दुपारी दिवा लावून बसले. मलाही धरून बसवलं.

बसल्या बसल्या त्यांचं लक्ष वहिनींकडे गेलं. त्या ऐन दिव्याखाली सुईचं नेढं जिभेनं चाचपत होत्या. दोरा तीनदा चुकला.

"काऊन वं, एवढ्या उजेडात दिसत नाही तुले?"

"दिसते नं," वहिनी म्हणाल्या, आणि दोरा पुन्हा चुकला. मग खालमानेनं म्हणाल्या, "दिव्यानं बी दिसत नाही म्हटलं असतं, तर तुम्ही तो कापून टाकला असता. चिमणीपेक्षा बरं होतं."

मास्तरांनी त्यांच्या हातातली सुई घेऊन दोरा ओवून दिला. दिवा चालूच राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गाडीनं अकोल्याला गेलो. चष्म्याला पैसे पुरेनात. जन्मात कधी उधार न घेतलेला हा माणूस दुकानदारापुढे हात जोडून म्हणाला, "शेठ, चष्मा आजच द्या. पैसे मंग आणून देतो."

वहिनींनी चष्मा लावला. आधी दुकान पाहिलं, मग मला, मग वळून मास्तरांकडे पाहतच राहिल्या.

"अवो माय! तुमचे केस कवा पांढरे झाले?"

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला ते आठवतात ते त्या दुकानातले, नव्या नवरदेवासारखे लाजून टोपी कानांपर्यंत खाली ओढणारे.