चालक अधिक एक

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. फ्रिजच्या डोक्यावर जसं सामान साचतं, तसे ते साचत जातात. माझ्या लग्नाला अजून वर्ष व्हायचंय, पण किस्से मात्र पंचवीस वर्षांच्या संसाराचे! चार माणसं जेवायला बसली की निखिल, म्हणजे माझा नवरा, एकेक काढतो. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, त्याला तिखट-मीठ लावतात. मी बोलते कमी, त्यामुळे माझ्या वाट्याला 'असं नव्हतं झालं' एवढंच वाक्य येतं. आज झालं तसं मीच सांगते.

*

सुरुवात लग्नापासूनच. कोरोनामुळे पन्नास माणसांचीच परवानगी. अमरावतीच्या हॉलमध्ये मंगलाष्टकं सुरू होणार, तेवढ्यात तपासणी पथकातला एक जण आला आणि डोकी मोजायला लागला. एक्कावन्न! पुन्हा मोजली. एक्कावन्नच!

"एक माणूस कमी करा, नाहीतर हॉल सील होईल."

निखिलकडचे काका छताकडे बघायला लागले. आमच्याकडचे मामा चपलेचा पट्टा बघायला लागले. मग माझे बाबा उठले. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस.

"आई नाही हिची, कन्यादान तसंही काका-काकूच करून राहिले. एक सीट जास्त आहे नं? मी उतरतो."

आणि मुलीचा बाप उतरला! गेटबाहेर उभं राहून त्यांनी लग्न मोबाइलवर पाहिलं. 'सावधान' म्हटल्याबरोबर त्यांनी अक्षताही मोबाइलवरच टाकल्या. वॉचमन म्हणे, "काका, हळू! स्क्रीन खराब होते नं!"

*

पुढं मे महिना उजाडला. जिल्ह्याच्या सीमा बंद. मी सासरी, अमरावतीजवळ, बाबा अकोल्याला एकटे. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा.

"काय करून राहिले, बाबा?"

"काही नाही, बेटा. घरीच आहे. कूलरसमोर बसलो."

मागं आवाज यायचा. सूऽऽ आणि मध्येमध्ये गुडगुड.

"ते गुडगुड कायचं?"

"आत्ताच पाणी टाकलं कूलरमंदी."

असे चार दिवस. आमचं घर भाजीपाला पिकवणारं. निखिलची गाडी माल घेऊन अकोल्याला जायची, तिला पास होता. पाचव्या दिवशी तो तिथल्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलला. त्याचं दुकान बाबांच्याच गल्लीत. फोन ठेवून निखिल हसायला लागला.

"वादळानं त्यांची डीपी उडाली म्हणते. तीन दिवसांपासून गल्लीत लाइट नाही. भरीत झालं लोकांचं!"

मी तव्यावरची पोळी उलटत होते. म्हटलं, "मग बाबांचा कूलर कशावर चालून राहिला?"

पोळी जळल्याचा वास आला, तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, गॅस बंद केला.

शेजारच्या काकूंना फोन लावला. त्या आधी रडल्या, मग बोलल्या. "त्याईनं शपथ घातली होती वं मले. पाच दिवस झाले भरती होऊन. ऑक्सिजनवर आहेत."

*

ई-पास काढायचं काम मामाजींनी अंगावर घेतलं. चष्मा लावून, एका बोटानं, स्वतः फॉर्म भरला. दुसऱ्या दिवशी पास आलासुद्धा! मामाजींनी पेढा वाटायचाच काय तो बाकी ठेवला.

मूर्तिजापूरच्या अलीकडे, जिल्ह्याच्या हद्दीवर नाका होता. हवालदारानं पास बघितला, माझं आधार कार्ड बघितलं, परत पास बघितला.

"ह्या राधिकाबाई कुठी आहेत?"

"मीच," मी म्हटलं.

"अन् ही आधारवरची प्रीती?"

"तीपण मीच."

"वा! बाया दोन अन् सीट एक!"

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं, राधिका. ते ताटाच्या बाहेर कधी आलंच नव्हतं. निखिलसुद्धा मला प्रीतीच म्हणतो. पण मामाजींच्या मते घरची सून घरच्याच नावानं बाहेर पडायला हवी!

"साहेब, लग्नाचा फोटो दाखवतो," निखिल म्हणाला आणि त्यानं मोबाइल पुढं केला. फोटोत सगळ्यांच्या तोंडाला मास्क. माझ्या मास्कला तर मोत्यांची झालर.

हवालदारानं फोटो मोठा केला, लहान केला, आडवा केला. "यातला नवरदेव तरी कोणता आहे?"

गाडी परत फिरवावी लागली. बाबांचा सहावा दिवस.

*

गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून थांबलो. तेवढ्यात पुढच्या टेम्पोची झडती सुरू झाली. सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या रचलेल्या. हवालदारानं चार जुड्या बाजूला केल्या आणि खाली निघाला पिवळाधमक झेंडू!

"फुलं अत्यावश्यकमंदी येत नाही, माहीत नाही काय?"

टेम्पोवाला म्हातारा हात जोडून म्हणाला, "साहेब, देव तं अत्यावश्यक आहे नं?"

"देवच क्वारंटाइन आहे, बुढेबुवा. मंदिरं बंद आहेत!"

रांगेतले सगळे हसले. म्हातारा हसला नाही. त्यानं सांभार नाक्यावरच उतरवून वाटून टाकला आणि झेंडू घेऊन परत गेला. एक जुडी माझ्याही हातात दिली. मी ती घरापर्यंत धरून ठेवली. काय करणार होते तिचं, मलाच ठाऊक नाही.

*

घरी मामाजी नवा फॉर्म भरायला बसले. "आता दोन्ही नावं टाकतो. कंसात प्रीती."

आत्याबाई एवढा वेळ वांगी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. निखिलला विचारलं, "गाडीच्या पासवर काय लिहिलं आहे?"

"चालक अधिक एक."

"मंग हे अधिक एक कोण असते?"

"माल उतरवणारा. पण तो गावी गेला आहे."

"भाजीवाल्याची सून भाजीसोबत जाते, त्याले कायचा फॉर्म पायजे? उद्या पहाटं इले माल बांधायले शिकवतो मी."

मामाजी म्हणाले, "अवो, पण ते पोट्टी बारीक आहे. कॅरेट उचलते काय?"

"बापासाठी जाऊन राहिली ते. उचलते."

मी पहाटे भाजीनं भरलेले अकरा कॅरेट उचलले. बाराव्याला कंबर लचकली, पण आत्याबाईंनी तिकडं पाठ केली होती. मुद्दाम केली असावी.

*

पुन्हा तोच नाका. दुपारचे बारा. पास ठीक, गाडी ठीक, अधिक एक ठीक. हवालदारानं माझ्याकडे निरखून बघितलं, पण आज नाव विचारलं नाही. फक्त तापमापकाची बंदूक कपाळाला लावली.

एकशे दोन!

"उतरा खाली. ताप आहे."

मी उतरले. दोन तास तापलेल्या टपाच्या गाडीत बसले होते, पण हा उन्हाचा ताप की तो ताप, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? निखिलचा आला एकशे एक. मागच्या ट्रकवाल्याचा एकशे तीन. ट्रकवाला अकोल्याचाच. तो ओरडला, "साहेब, अकोल्याच्या उन्हात बकरीलेही शंभर भरते! स्वतःले लावून पाहा!"

हवालदारानं बंदूक स्वतःच्या कपाळाला लावली. बघितलं. मग गुपचूप मागं लपवली.

"दहा मिनिटं लिंबाखाली बसा सगळे. मंग पाहू."

कडुलिंबाखाली जागा नव्हती. निखिलनं गाडीतली ओली पोती उचलली, खालचा एक गारेगार दुधी काढला आणि माझ्या हातात दिला. "लाव कपाळाले."

लग्नाला तीन महिने झालेली मी, भर रस्त्यात, दुधीवर कपाळ टेकून बसले. लोक काय म्हणतील ते म्हणोत. डोळे मिटून एकच म्हणत होते, उतर बाबा, उतर.

पुन्हा बंदूक. हवालदार आकड्याकडे बघतच राहिला.

"एक्याण्णव! बाई, तुमी जिवंत आहे नं?"

मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "कोण आहे अकोल्यात?"

"बाबा."

त्यानं रस्त्यावरचा आडवा दांडा वर केला.

*

एका वसतिगृहाच्या इमारतीत ते कोविड सेंटर होतं. निखिल मला बाबांच्या डब्यासकट गेटवर सोडून माल उतरवायला गेला. गेटवरच्या माणसानं यादीत बाबांचं नाव बघितलं.

"आहेत. तिसऱ्या मजल्यावर. आत जाता येत नाही. डबाही चालत नाही."

"बरे आहेत काय?"

"ते डॉक्टर सांगन. चार वाजता."

गेटला लागून पत्र्याचं एक शेड होतं, तिथं नातेवाइकांची ही गर्दी. मी समोरच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले, कारण तिथूनच तिसरा मजला दिसत होता. एका रांगेत चौदा खिडक्या, सगळ्यांना जाळ्या. आत माणसं आहेत की नाहीत, काही कळत नव्हतं. डाव्या बाजूनं एकेक खिडकी बघत गेले, मग उजव्या बाजूनं. असं कितीदा केलं कोण जाणे. हातातला डबा तापायला लागला.

फोन वाजला. बाबा!

"हॅलो बेटा." आवाज खोल गेलेला. मागं तेच, सूऽऽ.

"कसे आहे, बाबा?"

"मस्त. घरीच आहे." मग बराच वेळ नुसता श्वास. "तू काय करून राहिली?"

रस्ताभर मी भांडणाची तयारी केली होती. शपथ काहून घातली, खोटं काहून बोलले, सगळं पाठ होतं. तोंडातून निघालं भलतंच.

"मीपण घरीच आहे, बाबा. भांडे घासून राहिली."

पलीकडे सूऽऽ चालूच होतं.

"मंग सावलीत बसून घास नं, बेटा," बाबा म्हणाले. "अर्धा तास झाला, उन्हात काहून उभी आहे?"