अठरा वर्षांचा खलाशी

माझा भाऊ तेरा वर्षांचा होता आणि त्याला एका दुपारीत अठराचा करायचं ठरलं. कारण बाबांचा पाय. जेटीवरच्या शेवाळावरून घसरून त्यांनी तो नारळी पौर्णिमेच्या तोंडावर मोडून घेतला, म्हणजे बोटी समुद्रात जायच्या नेमक्या वेळी. काकाच्या बोटीवरची त्यांची जागा रिकामी राहिली असती तर आमच्या घरात येणारा वाटाही गेला असता. त्या जागेवर भाऊ जाईल, असं काकाने परस्पर ठरवून टाकलं. भावाला समुद्राची सवय एवढी, की मढच्या फेरीबोटीत बसला तरी त्याला उलटी व्हायची.

अडचण एकच होती. अठराच्या खालचं पोर बोटीवर घ्यायचं नाही असा काहीतरी नियम निघाला होता, आणि एक सरकारी साहेब वर्सोव्यात घरोघर चौकशी करत फिरत होते.

"नियम काय मासे पकडतो?" काका म्हणाला आणि तयारीला लागला. मिशी लवकर यावी म्हणून त्याने भावाच्या ओठावरून कोरडं ब्लेड फिरवलं. मिशी आली नाही, रक्त आलं. मग जुन्या कोळ्यांसारखा कमरेला रुमाल नेसवला. तो इतका सैल होता की आमचा खलाशी दोन्ही हातांनी अब्रू धरून उभा राहिला.

साहेब आले तेव्हा मी अंगणात साठवणीच्या सुक्या बोंबलांना ऊन दाखवत होते. मी चौदाची, नववीत. मला हसू आवरेना, तेव्हा आईने असं काही पाहिलं की मी तोंड फिरवून घेतलं.

"वय?" साहेबांनी विचारलं.

"अठरा," आई म्हणाली. ती रोज अंधेरीच्या बाजारात मासे विकायची, त्यामुळे तोंडावर काही दिसू न देता बोलणं तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"शाळेचा दाखला?"

"उंदरांनी खाल्ला, सायेब."

साहेब भावाकडे वळले. "कितवीत रे?"

"आठवी ब," भाऊ चटकन बोलून गेला.

"अठराव्या वर्षी आठवीत?"

काकाचा चेहरा पडला. आईचा नाही. "डोक्यानं ढ हाय ना, सायेब. दर साली नापास. गणितात तर भोपळा."

झालं! बोटीला घाबरूनही भाऊ गप्प राहिला होता, पण हे त्याला सोसलं नाही. गणितात तो वर्गात पहिला यायचा. एका हाताने रुमाल सावरत त्याने छाती पुढे काढली आणि सुरू केलं, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..." काका डोळे वटारतोय, आई चिमटे काढतेय, पण हा दोनशे नव्वदला पोचूनच थांबला.

"बाई," साहेब म्हणाले, "अठरा वर्षांच्या माणसाला एकोणतीसचा पाढा येत नाही. मलाही येत नाही." हा पोरगा बोटीवर दिसला तर बोट किनाऱ्यालाच बांधून ठेवीन, अशी तंबी देऊन ते चहासुद्धा न घेता निघून गेले.

भाऊ वाचला. मला इतका आनंद झाला की बोंबलाच्या हातांनीच मी त्याला मिठी मारली.

काकाने लगेच दुसरा खलाशी घेतला आणि बाबांचा वाटा त्याच्याकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने माझ्यापुढे माशांची पाटी ठेवली.

"आणि माझी शाळा?"

"त्याची वाचली ना? दोघांची कुठून वाचवू गं?"

मला तिचा राग आला, भावाचाही आला. त्या पाढ्याचा तर अजून येतो. पण पाटी उचलली आणि तिच्याबरोबर अंधेरीच्या बाजारात जाऊन बसले.

काही दिवसांनी तेच साहेब पिशवी घेऊन माझ्यासमोर उभे. त्यांनी मला ओळखलं.

"तू त्या पाढेवाल्याची बहीण ना? जातो ना तो शाळेत?"

"जातो."

"शाब्बास!" म्हणाले. स्वतःवर भलतेच खूश दिसत होते. मग वाकून बोंबील दाबून पाहिले. "कधीचे आहेत?"

शाळेच्या वेळेला तू इथे काय करतेस, असं ते विचारतील असं मला खरंच वाटलं होतं. त्यांनी भाव कमी करायला सांगितलं.

"आजचेच आहेत, साहेब," मी म्हटलं, आणि कालचे त्यांच्या पिशवीत टाकले.