पाणी भरलं का?

फहमिदाबाईंना फोनवर बोलणं कधीच जमलं नाही. महापालिकेच्या उर्दू शाळेत त्यांनी एकतीस वर्षं मराठी शिकवलं, पन्नास-पन्नास पोरांचा वर्ग नुसत्या नजरेने गप्प केला, पण घरात फोन वाजला की त्या आधी डोक्यावरची ओढणी सारखी करायच्या आणि मगच उचलायच्या. फोन येणार तरी कुणाचे? भाऊ फारूख जेद्दाहून दर जुम्म्याला करायचा. "सब ठीक ना?" असं विचारायचा. त्या प्रश्नातच उत्तर असायचं, त्यामुळे बाईंना फक्त 'हौ' म्हणायचं काम उरायचं. बाकी गॅसवाला आणि कर्ज घ्या म्हणणाऱ्या मुली. अम्मी गेल्याला नऊ वर्षं झाली होती. लग्न अम्मीच्या आजारपणात राहून गेलं ते गेलंच. अशा बाईला दोन हजार वीसच्या जूनमध्ये हुकूम आला की उद्यापासून रोज साठ अनोळखी लोकांना फोन करायचे. कुठल्या माणसाला कुठलं काम द्यावं, याची कचेऱ्यांना फार उत्तम जाण असते.

काम तसं सरळ होतं. ज्यांच्या घरात कुणाला तरी कोरोना निघाला आहे, अशांची यादी सकाळी मोबाईलवर यायची. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, समजावून सांगायचं, कागदावर उतरवलेल्या यादीचे रकाने भरायचे आणि संध्याकाळी तिचा फोटो परत पाठवायचा. प्रश्नांचा छापील कागदही आला होता. 'आपणास श्वसनास अडथळा जाणवतो काय? आपल्या गंधसंवेदनेत बदल झाला आहे काय?' हा कागद लिहिणारा माणूस जिवंत माणसाशी शेवटचं कधी बोलला होता, देव जाणे. फहमिदाबाईंचा तर मराठीवर हात बसलेला, तरी त्यांनासुद्धा 'गंधसंवेदना' दोनदा वाचावं लागलं.

मग त्या आपल्या परीने विचारू लागल्या. मराठी घरात, "दम लागतो का? फोडणीचा वास येतो का?" आपल्या मोहल्ल्यांत, "सांस फूलती क्या? सालन की बू आती क्या?" कागद म्हणायचा, रुग्णाला स्वतंत्र खोलीत ठेवा. सात माणसांच्या एका खोलीत स्वतंत्र खोली कुठून काढायची, ते कागदाला माहीत नव्हतं. बाई सांगायच्या, खिडकीकडचा कोपरा आजाऱ्याला द्या, बाकीच्यांनी त्याच्या पायांकडे डोकं करून झोपा, त्याचा पेला वेगळा ठेवा. लोक ऐकून घ्यायचे. पण स्वतःचं काही सांगायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. कारण कळलं की गल्लीला पत्रे ठोकले जायचे आणि शेजारी महिनाभर तोंड फिरवायचे, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. आणि दुसरं कारण त्याहून जुनं होतं. इथल्या माणसाला 'कसे आहात' विचारलं की 'खैरियत' म्हणायचं असतं, नाहीतर 'बरं हाय'. परक्या बाईपुढे आपली दुखणी उघडायची नसतात. ही तहजीब आईच्या दुधाबरोबर येते. मरताना सुटली तर सुटते.

करीमचाचा त्या यादीत बाविसाव्या नंबरवर होते. वय सत्तर, आयुष्यभर गाद्या भरल्या, कापूस पिंजला. त्यांची सून राहत पॉझिटिव्ह होती आणि चाचा घरातच होते. पहिल्या दिवशी फोन उचलून ते म्हणाले, "अल्लाह का करम है, बेटा. घर में सब खैरियत. तुम कैसे हो?"

हा प्रश्न फहमिदाबाईंना किती वर्षांनी कुणीतरी उत्तराची वाट पाहत विचारला होता. पण यादीत खाली अजून अडतीस नावं होती. "शुक्रिया, चाचा," म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी चाचा म्हणाले, "करम है, बेटा. तुम कैसे हो?" चौथ्या दिवशी "सब खैरियत." पाचव्या दिवशी नुसतंच "खैरियत." पाचही दिवस बाईंनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'लक्षणे नाहीत.'

सहाव्या दिवशी फोन राहतने उचलला. "अब्बा सुबह गुजर गए," ती म्हणाली. "रिक्शा में ही." मग म्हणाली, "आप से तो रोज बात होती थी ना उनकी." बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बाईंनी पाच दिवसांच्या याद्या जमिनीवर ओळीने मांडल्या. त्या कागदांवर काहीच नव्हतं, पण कानात सगळं होतं. आधी अल्लाह गेला, मग 'तुम कैसे हो' गेलं, मग 'सब' गेलं. श्वास पुरवायला माणूस एकेक शब्द सोडत गेला, आणि पोरांच्या वाक्यात एक शब्द कमी पडला तर अर्धा गुण कापणाऱ्या बाईला ते ऐकू आलं नाही. त्या दिवशी त्या मोठ्याने रडल्या. घरात ऐकायला कुणी नव्हतंच. चाचांच्या प्रश्नाला आपण एकदाही उत्तर दिलं नाही, हे त्यांना मरणापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी 'कसे आहात' हा प्रश्नच सोडून दिला. ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं आहे, तो विचारायचा कशाला? त्या विचारू लागल्या की आज भाजी कुठली केली, पोळ्या किती लाटल्या, मीठ नीट पडलं का, न्हाणीपर्यंत जाताना मध्ये टेकलात का. लोक चक्रावले, पण मोकळे झाले. दुखणं लपवणारा माणूस भाकरी लपवत नाही. एक फोन सात-सात मिनिटं चालू लागला, तेव्हा यादीचा हिशेब बघणाऱ्या नानासाहेबांचा फोन आला.

"मॅडम, एका कॉलला दीड मिनिट धरलंय आपण. तुम्ही लोकांना स्वयंपाक काय विचारताय?"

"साहेब, दीड मिनिटात लोक खोटं बोलतात," बाई म्हणाल्या. नानासाहेब माणूस वाईट नव्हता. वरून दट्ट्या आणि खालून रडगाणी, मधल्या मध्ये पिचला होता बिचारा.

जुलैच्या यादीत दगडाबाईंचं नाव आलं. वय बाहत्तर, जालना रोडच्या पलीकडच्या वस्तीत पत्र्याची खोली. मुलगा सांडू वाळूजच्या कंपनीत पाळीवर जायचा, तिथल्या तपासणीत तो पॉझिटिव्ह निघाला आणि त्याला एका हॉस्टेलात नेऊन ठेवलं. म्हातारी एकटी मागे राहिली. तिच्या फोनला आकडे दिसायचे नाहीत, आला तर उचलायचा एवढंच ठाऊक.

"मला काय धाड भरलीय," दगडाबाई पहिल्याच वाक्याला म्हणाली. "बरं हाय. माझ्या सांडूचं सांगा."

सांडूचं त्यांनी चौकशी करून सांगितलं, तो जेवतो आहे, ताप उतरला आहे. मग विचारलं, "मावशी, आज जेवायला काय केलंत?"

"आगं बाई, सरकार आता सयपाक बी इचारायलंय व्हय?" म्हातारी हसली. "दोन भाकरी केल्या. एक सकाळची, एक सांजची. संगं चटणी."

दुसऱ्या दिवशी एकच भाकरी होती. तिसऱ्या दिवशी चहात बुडवून कालचा तुकडा. "माझ्या एकटीसाठी कुठं चूल पेटवू?" असं ती म्हणाली आणि ते पटण्यासारखंही होतं. फहमिदाबाई स्वतः तेच करायच्या. एकट्या बाईचा स्वयंपाक हा असाच हळूहळू आटत जातो. ताप नाही, खोकला नाही, दम लागतो का विचारलं तर "नाय वं." रकान्यात लिहायला काही नव्हतं.

चौथा दिवस त्या वस्तीच्या पाण्याचा होता. बाईंनी तो आधीच विचारून ठेवला होता. आपल्या शहरात नळ पाचव्या-सहाव्या दिवशी येतो आणि त्या दिवशी माणूस दुसरं काही करत नाही. पाण्याच्या दिवशी लोक लग्नाची तारीख धरत नाहीत, आजारी असले तरी रजा पाण्यासाठी टाकतात. बादल्या, हंडे, पातेली, दाढीचा मग, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं.

"मावशी, नळ आला का?"

"आला व्हता की. लई भांडल्या बाया."

"तुम्ही किती भरलं?"

म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ दिलं आज. हाय की कळशीभर."

फहमिदाबाईंच्या हातातला पेन तसाच राहिला. त्यांनी लगेच नानासाहेबांना फोन लावला. फोन लावण्याआधी ओढणी सारखी करायची त्या पहिल्यांदाच विसरल्या. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरांची गाडी पाठवा, साहेब."

"लक्षण काय लिहू?"

"पाणी भरलं नाही."

"मॅडम, हे लक्षण नाही. गाड्या दोनच आहेत माझ्याकडे. मी वर काय सांगू?"

"साहेब, तुमच्या घरी कधी असं झालंय का, नळ आला आणि पाणी भरलं नाही?"

बाईंना नानासाहेबांचा श्वास ऐकू येत होता. आता त्या असले आवाज ऐकायला शिकल्या होत्या. "नाही," शेवटी ते म्हणाले. "वडील गेले त्या दिवशीसुद्धा भरलं होतं. पत्ता सांगा."

गाडी गेली तेव्हा म्हातारी दाराला टेकून बसली होती. बोटाला चिमटा लावला तर ऑक्सिजन ब्याऐंशी. डॉक्टरलाही ती हसून "बरं हाय" म्हणाली. आणखी एक दिवस गेला असता तर संपलंच होतं, असं डॉक्टरने नानासाहेबांना सांगितलं आणि नानासाहेबांनी बाईंना. कागदावर नवा रकाना काही आला नाही, येणारही नव्हता. पण पुढच्या आठवड्यापासून याद्यांवर फोन करणाऱ्या दुसऱ्या बायाही पाण्याचं विचारू लागल्या, असं फहमिदाबाईंच्या कानावर आलं.

सोळा दिवसांनी दगडाबाई घरी आली. सांडू आधीच आला होता; आईची चौकशी तो नानासाहेबांना फोन करून करायचा, आणि यादीवरची बाई मास्तरीण आहे हे त्याला तिथेच कळलं होतं. यादीतून तिचं नाव गेलं, म्हणजे हिशेबाने बाईंचा आणि तिचा संबंध संपला. पण पाण्याच्या दिवशी सांडूने नंबर लावून दिला आणि पलीकडून म्हातारी म्हणाली, "बाई, भरलं. दोन डरम, चार कळश्या." आणि फोन ठेवला. पाच दिवसांनी पुन्हा तेच. बाई "शाब्बास, मावशी" म्हणायच्या. आपण दर पाचव्या दिवशी त्या फोनची वाट पाहतो आहोत, हे त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

सप्टेंबरात फहमिदाबाईंना ताप आला. तपासणीत निघायचं ते निघालं. दवाखाने भरलेले होते, त्यामुळे घरीच थांबायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याच नावाने फोन येऊ लागला. कुणी नवी मुलगी होती. ती कागद भराभरा वाचायची. "आपणास श्वसनास अडथळा जाणवतो काय?"

"नाही, बेटा. ठीक आहे."

आता या बाईला काय म्हणावं? सबंध शहराची खैरियत सोलून बघितलेली बाई, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा तेच बोलली. खोटं बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं. खरं कुणाला सांगायचं, एवढाच प्रश्न होता. जुम्म्याला फारूखने "सब ठीक ना?" विचारलं, तेव्हा त्या हौ म्हणाल्या. तो जेद्दाहून काय करणार होता? चार दिवस रोज त्यांच्या नावापुढे कुठेतरी लिहिलं जात होतं, 'लक्षणे नाहीत.'

पाचव्या दिवशी सकाळी गल्लीत नळ आला. मोटारी सुरू झाल्या, पाइप ओढले गेले, कुणीतरी कुणाला तरी ओरडलं. बाई पलंगावर पडून ऐकत होत्या. अंगणातली टाकी दहा पावलांवर होती, फक्त कॉक फिरवायचा होता. जरा दम खाऊ, मग उठू, असं त्या दोनदा म्हणाल्या. मग गल्लीतले आवाज एकेक करून थांबले. पाणी गेलं.

दुपारी फोन वाजला. ओढणी सारखी करायला हात उचलला नाही.

"बाई, भरलं," दगडाबाई म्हणाली. "दोन डरम, तीन कळश्या. येक फुटली."

"बरं," फहमिदाबाई म्हणाल्या. शाब्बास राहिलं, मावशी राहिलं.

दर वेळी म्हातारी इथं फोन ठेवायची. आज ठेवला नाही.

"बाई?"

"हं."

"तुमच्याकडं कवा येतंय पाणी?"

"आजच आलं होतं."

"भरलं का?"

'भरलं' हा शब्द जिभेवर तयार होता. एकच शब्द, तेवढा श्वास उरलेला होता. त्यांना करीमचाचांचा बाविसावा नंबर आठवला, तुम कैसे हो आठवलं, आणि आपण घाईने म्हटलेलं शुक्रिया. त्यांचे डोळे भरून आले.

"नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "नाही भरलं."

"मंग फोन ठिवू नगा," म्हातारी म्हणाली. "काय बोलू बी नगा. निस्ता धरून ऱ्हावा."

पलीकडे तिने सांडूला हाका मारल्या. गाडी काढ म्हणाली, त्या नानासायबाला फोन लाव म्हणाली, मास्तरीणबाईनी पाणी भरलं नाय म्हणाली. फहमिदाबाईंनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला.