सूनबाईंचे एकवीस किलोमीटर

राहात्यात काकासाहेबांचं खता-बियाण्यांचं दुकान. हिवाळ्यातल्या अर्ध मॅरेथॉनच्या कमिटीत ते होते, आणि पहिल्या वर्षी बायकांच्या गटात नावंच येईनात. म्हणून त्यांनी घरातूनच सुरुवात केली, सुनेचं नाव देऊन टाकलं. राजेश्वरीला ते जेवण वाढताना कळलं.

शाळेत खो-खो खेळलेली, तेवढंच तिचं पळणं. तरी पळत, चालत, पुन्हा पळत तिनं शर्यत पुरी केली. गटात बायका मोजक्याच, तिचा तिसरा नंबर आला. पेपरातला फोटो काकासाहेबांनी गल्ल्याच्या वर लावला. येईल त्या गिऱ्हाइकाला ते सांगत, "आमची सून. घरचं समदं आवरून पळती."

तेव्हापासून दर वर्षी नाव जाऊ लागलं, तिला न विचारता. शर्यत झाली की आठवडाभर तिला जिना उलटा उतरावा लागे. पायाची नखं काळी पडत. एकदा तिनं सासऱ्यांना विचारलं, "मामा, सकाळी कॅनॉलच्या कडेनं पळायला जात जाऊ का? सराव असला म्हणजे त्रास कमी होईल."

"रोज रस्त्यानं पळत सुटलीस तर लोक काय म्हनतील?" काकासाहेब म्हणाले. "आन् सरावाबिगर नंबर येतोय की. मंग कशापाई?"

नवरा, वैजनाथ, मोबाईलमध्ये बघत राहिला.

शर्यतीतही ती एकटी नसे. सुनेला कुणी त्रास देऊ नये म्हणून काकासाहेब स्कूटरवरून बाजूनं येत. ती चालू लागली की म्हणत, "चालू नगं, फोटोवाला फुडं हाय."

गेल्या जानेवारीत पुणतांब्याच्या रस्त्याला, पेरूच्या बागांपाशी तिचा गुडघा धरला. ती मोरीच्या कठड्यावर बसली. पाणी वाटणारी एक पोरगी धावत आली. "ताई, ॲम्ब्युलन्स बोलवू?"

"नगं नगं," काकासाहेब म्हणाले, "जरा दम घेती आन् निघती."

पोरगी थबकली. राजेश्वरीनं तिचं मनगट धरलं. "बोलव," ती म्हणाली.

गाडीचं दार लागलं आणि तिला अशी गाढ झोप लागली, की दवाखान्यात हलवून उठवावं लागलं.

संध्याकाळी सासू, मनकर्णाबाई, गुडघ्याला तेल चोळत बसल्या. "मला वाटलं हुतं, तू दुसऱ्याच वर्षी बसशील," त्या हळूच म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"मी कवा बोलले?"

काकासाहेबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. पाणी हवं असलं तरी नातीकरवी, दिशाकरवी मागत. दिवाळी झाल्यावर एकदा जेवताना ते वैजनाथला म्हणाले, "औंदा दिशाचं नाव दिलंय. दहा किलोमीटरला."

दिशा नववीत. तिनं आईकडं पाहिलं. वैजनाथ जेवत राहिला.

"सराव केल्याशिवाय ती पळणार नाही," राजेश्वरी म्हणाली.

काकासाहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "करू दे की सराव," ते म्हणाले. "गच्ची मोकळीच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेश्वरी वर गेली. पाण्याची टाकी आणि कठडा यांच्यामध्ये दिशा पळत होती. चार ढांगा टाकल्या की वळायचं, पुन्हा चार ढांगा. वाळत घातलेल्या ओल्या चादरी तिच्या तोंडावर आपटत होत्या.

"किती फेऱ्या झाल्या?"

"मोजायचं सोडलं, मम्मी. चक्कर येते."

राजेश्वरीनं चादरी काढून खांद्यावर टाकल्या, दोरी सोडली, आणि पोरीला जागा व्हावी म्हणून कठड्याला चिकटून उभी राहिली.