नागपूरची जागा

मी राग विसरणारा माणूस नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको. ज्या माणसामुळे हे सगळं घडलं, तो गेल्याची बातमी मला जेवताना कळली. मी भाकरी तोडत होतो. हात थांबला नाही. आमटी जरा अळणी झाली होती, तेवढं मात्र लक्षात राहिलं.

ते अमरावतीच्या कॉलेजात आम्हाला रसायनशास्त्र शिकवायचे. तोंडावर मी त्यांना सर म्हणत असे, तेव्हा इथंही तेच म्हणतो. सर पुण्याकडचे. वऱ्हाडात येऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, बहीण अकोल्यात दिलेली होती, पण आमची बोली त्यांच्या कानाला काही रुचली नाही. वर्गात कुणी चुकून 'मले समजलं नाई' म्हणालं की ते खडू खाली ठेवत, तेच वाक्य आमच्या हेलात म्हणून दाखवत आणि मग फळ्याकडे वळत. पुढच्या बाकांवरची वकिलांची मुलं हसत. मी चार वर्षं एकही शंका विचारली नाही. जे कळत नसे ते लायब्ररीत बसून काढलं, आणि त्यातून माझा फायदाच झाला. पण म्हणून मी त्यांचे आभार मानणार नाही.

आमचा मळा तिवस्याकडे जाणाऱ्या सडकेला लागून होता. पुढे वांगी, भेंडी, मेथी, कडेनं झेंडू आणि मागे संत्र्याची झाडं. आमच्याकडे नव्या भाजीचा पहिला तोडा बाजारात जात नसे. तो वानोळा. आधी देवापुढे, मग सोयऱ्यांकडे, शेजाऱ्यांकडे, वैद्यांकडे आणि पोराच्या मास्तरांकडे. त्यात मागणं काही नसतं. टोपली परत करताना घेणाऱ्यानं तिच्यात मूठभर डाळ नाहीतर गुळाचा खडा टाकायचा, एवढाच रिवाज. सरांच्या घरून टोपली चार वर्षं रिकामी येत राहिली. आई म्हणायची, "भायेरगावचे लोक हायेत, त्याईले मालूम नसन." वडील पुढच्या तोड्याला पुन्हा टोपली भरत.

बी.एस्सी.ला मला पहिला वर्ग मिळाला. पुढच्या शिक्षणासाठी मी दोन ठिकाणी अर्ज केले होते आणि अर्जाला चारित्र्याचा दाखला लागत होता. तो सरांकडूनच घ्यायचा. मी प्राध्यापकांच्या खोलीत गेलो तेव्हा तिथं आणखी चौघं चहा पीत बसले होते. त्याच सकाळी योगायोगानं वडिलांनी भेंडीचा वानोळा सरांकडे पोचवला होता. सरांनी माझा अर्ज हातात घेतला, वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "म्हणजे चार वर्षं टोपल्या येत होत्या त्या आजच्या दिवसासाठी तर! तुझ्या वडलांना सांग, भाजीपाल्यावर दाखले मिळत नसतात."

चौघं हसले. एकाला चहाचा ठसका लागला. मी उभाच होतो. मला सांगता आलं असतं की वानोळा म्हणजे काय, पण सांगायला तोंड उघडलं असतं तर तोंडातून माझीच बोली आली असती, आणि तिचीही नक्कल झाली असती. सरांनी दाखल्यावर एकच ओळ लिहिली: वर्तणूक समाधानकारक. शाई वाळायच्या आत तो कागद माझ्या अंगावर सरकवला.

मी घरी पोचलो तर माझ्या आधी टोपली पोचली होती. कॉलेजचा चपराशी ती भरली टोपली डोक्यावर घेऊन अंबागेटातून, भर बाजारातून चालत आला होता. वाटेत ज्यानं ज्यानं विचारलं त्याला त्यानं भाजी कुठून कुठं चालली आहे ते सांगितलं. वानोळा परत आलेला आमच्या घराण्यात कुणी पाहिलेला नव्हता. दिलेली वस्तू विकता येत नाही, आणि आपणच दिलेलं आपणच कसं खायचं? वडील बराच वेळ त्या टोपलीपुढे उकिडवे बसून राहिले. मग उठले आणि ती कोवळी, लुसलुशीत भेंडी खताच्या खड्ड्यात ओतून आले. बैलालासुद्धा घातली नाही. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला मी कधीतरी रडवीन.

संधी इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. एक पुण्याहून: झाडांच्या रोगांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षांची जागा, राहायची सोय. दुसरं नागपूरहून: रसायनशास्त्रात एम.एस्सी.ची जागा. मला हवं होतं पुणं. त्यात शंका नव्हती. आमच्या संत्र्यांना डिंक्या लागला होता. खोडाची साल तडकायची, आतून डिंक गळायचा आणि दोनतीन वर्षांत चांगलं भरलेलं झाड वाळून जायचं. लहानपणापासून मी त्या खोडांना हात लावून पाहत आलो होतो. हा रोग कशानं येतो हे शोधून काढायचं, एवढ्यासाठी मी वनस्पतिशास्त्र घेतलं होतं. रसायनशास्त्र जोडीला होतं म्हणून केलं, आणि ते कुणी शिकवलं ते सांगितलंच आहे.

पुण्याला होकार लिहायला मी बसलोही होतो. मायना लिहून झाला होता. तेवढ्यात कॉलेजातून गुणपत्रिका आणायची राहिली आहे हे आठवलं म्हणून गेलो, तर कचेरीतले बाबू हळूच म्हणाले, "नागपूरचं काय ठरवलं? नाई म्हनजे, सर दोनदा इचारून गेले. तुह्या मागं त्याईच्या भाच्याचा नंबर हाय."

सरांचा भाचा म्हणजे आमच्याच वर्गातला. अकोल्याहून येऊन मामाकडे राहायचा, शेवटच्या बाकावर बसायचा. चार वर्षांत त्याच्या-माझ्यात चार वाक्यंही झाली नसतील. तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला, मोठं शिक्षण सगळं नागपुरात, आणि त्या विषयात त्या साली वऱ्हाडच्या वाट्याला ही एवढीच जागा उरली होती. मी नको म्हटलं तर ती भाच्याला. मी हो म्हटलं तर त्याला काहीच नाही. बाबूंनी पुढचंही सांगितलं: भाच्याच्या वडिलांनी बजावलं होतं की यंदा जागा मिळाली तर शीक, नाहीतर तहसील कचेरीत नकलनवीस म्हणून चिकटवून देतो.

गुणपत्रिका न घेताच मी घरी आलो. लिहिलेला मायना फाडला. त्या दिवशी मला जो आनंद झाला तसा पहिला वर्ग मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

मी लगेच नागपूरला कळवलं नाही. मुदतीला दहा दिवस होते आणि ते मला पुरवून पुरवून वापरायचे होते. तीन दिवसांनी आमच्या मळ्यापुढे टांगा थांबला. त्यातून सर उतरले. चार वर्षांत पहिल्यांदा. चिखलातून धोतर वर धरून विहिरीपर्यंत आले. वडिलांनी धावत जाऊन बाज टाकली, वर घोंगडी अंथरली. सर बसले आणि माझ्याशी पहिल्यांदाच गोड आवाजात बोलले.

"हे बघ, तुझी खरी आवड झाडांची आहे. तुझ्यासारख्या मुलानं पुण्यालाच जायला हवं. तिथले दोघं माझ्या ओळखीचे आहेत, मी चिठ्ठी देतो. नागपूरला काय आहे? तुझं नुकसान होईल, म्हणून आपुलकीनं सांगायला आलो."

भाच्याचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. सगळ्यात चीड याची आली की ते बोलत होते तो शब्दन्शब्द खरा होता. मी मान खाली घालून म्हटलं, "विचार करतो, सर." त्यांनी आणखी विनवावं म्हणून मी पुन्हा म्हटलं, "बघू." ते विनवतही होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि पुसायला रुमाल सापडत नव्हता. मी ते सगळं डोळे भरून पाहिलं.

निघताना वडिलांनी त्यांना दोडकी दिली. नव्या वेलाची, पहिली. मी टांगा दिसेनासा होईपर्यंत कसाबसा गप्प बसलो.

"बाबा, काहून देली त्याले? लाज नाई वाटली तुमाले?"

"मळ्यात आलेला मानूस रिकाम्या हातानं जात नसते," वडील म्हणाले. "अन् थो बोलला थे बराबर बोलला. तुले झाडाचं शिकाचं व्हतं ना? मंग पुन्याले जाय. आपले झाडं पाह्य कसे होऊन राहिले."

"नागपुरातबी तेच शिकवतात," मी म्हटलं.

वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. दोन्ही पत्रं त्यांच्या पुढ्यात ठेवली असती तरी कोणतं कुठलं हे त्यांना कळलं नसतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तसं असन तर नागपूर बरं. जवळ हाय." आयुष्यात मी त्यांच्याशी इतकं सरळ खोटं पुन्हा बोललो नाही. पुढच्या पाच वर्षांत मागची संत्री एकेक करून गेली. दर खेपेला वडील मला खोड दाखवत आणि विचारत, यावर शिकवलं का काही? मी म्हणायचो, अजून नाही.

मुदतीच्या आदल्या दिवशी मी नागपूरला होकार आणि पुण्याला नकार, दोन्ही एकाच वेळी पोस्टात टाकले. पोस्टातून सरळ कॉलेजात गेलो आणि सरांना वाकून नमस्कार केला. "नागपूरचं पक्कं केलं, सर. आपला आशीर्वाद असू द्या." खुर्चीच्या हातावर ठेवलेली त्यांची बोटं पांढरी पडली होती. बाहेर येऊन मी दोन आण्यांचे पेढे घेतले आणि एकट्यानं उभ्या उभ्या खाल्ले.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझं मन भरलं नव्हतं. मामाचं तोंड पाहिलं होतं, भाच्याचं पाहायचं राहिलं होतं. अकोल्याला माझी मावशी होती. तिला भेटायचं निमित्त करून मी नागपूरला जाण्याआधी बडनेऱ्याहून गाडी धरली. अकोल्यात मावशीकडे घटकाभर टेकलो आणि पत्ता विचारत त्यांच्या घरी गेलो.

दार त्याच्या आईनं उघडलं. सरांची सख्खी बहीण. पण इतकी वर्षं अकोल्यात काढल्यानं पार इथलीच झालेली. "ये बाबू, बस. थो कचेरीतून येऊनच राहिला," म्हणाली आणि माझ्यापुढे पोहे ठेवले. मी कोण हे सांगितलं तरी तिच्या कपाळावर आठी पडली नाही. थोड्या वेळानं तो आला. बोटांना शाई, खांद्यावर छत्री. मला पाहून तो आधी दचकला आणि मग चक्क हसला.

"अभिनंदन करतो लेका. तुलेच भेटाले पायजे व्हती ती जागा. माहा तं दुसरा वर्ग."

मी वाट पाहत होतो. आता चिडेल, टोमणा मारेल, निदान गप्प बसेल. त्यानं एक शिवी दिली असती तरी मी सुखानं घरी आलो असतो. तो नागपूरचंच विचारत राहिला: प्रयोगशाळा कशी आहे, होस्टेलात खोली मिळाली का, कोण शिकवतं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि त्याला पुष्कळ माहीत होतं. शेवटी त्यानं विचारलं, "मामा म्हने, तुले पुन्याचंई आलं व्हतं. मंग नागपूर काहून घेतलं?"

त्याच्या विचारण्यात खोच नव्हती. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारत होता. आणि मी, जो इतके दिवस हे उत्तर मनात घोळवत होतो, ते त्याच्या तोंडावर फेकायलाच जो इतक्या लांब आलो होतो, तो म्हणालो, "बाबा म्हातारे झाले. नागपूर जवळ पडते."

"हे खरं हाय," तो म्हणाला, आणि त्याच्या नजरेत माझ्याविषयी आदर दिसला. मला तिथून पळून जावंसं वाटलं. तो आत गेला आणि दोन जाड पुस्तकं घेऊन आला. एम.एस्सी.ची. मुंबईहून मागवलेली, खाकी कागदाची कव्हरं त्यानं स्वतः घातलेली, कोपरे नीट दुमडलेले. "मामानं आनले व्हते माह्यासाठी. आता मले काय कामाचे? तुले लागतीन."

मी पहिलं पान उघडलं. ते कोरं होतं.

"नाव टाकलं नाई मी," तो म्हणाला. "म्हटलं, जागा पक्की झाली का टाकू."

मी नको म्हणायला हवं होतं. पण ती पुस्तकं मला विकत घेणं शक्य नव्हतं, ती सरांच्या पैशांची होती, आणि माझा राग अजून संपला नव्हता. मी ती घेतली. तो स्टेशनपर्यंत पोचवायला आला, पुस्तकं भिजू नयेत म्हणून छत्री माझ्या बाजूला धरून. गाडी हलली तशी मी खिशातली पेन्सिल काढली, आणि मूर्तिजापूर यायच्या आत दोन्ही पुस्तकांवर माझं नाव लिहून टाकलं.