खोलीतला विरोधी पक्ष

पिंपरी गावात मी खोली घेतली तेव्हा घरमालकिणीने भाडं सांगितलं, पाण्याची वेळ सांगितली, कोंबड्यांना दगड मारायचा नाही असंही बजावलं. पण खोलीत आधीपासून राहणारा माणूस सरकारपक्षाचा आहे, हे काही बाई बोलल्या नाहीत. ते मला आत गेल्यावर भिंतींवरून कळलं. जिकडे बघावं तिकडे पुढाऱ्यांच्या तसबिरी. माझा सदरा अडकवायला एक खुंटी तेवढी मोकळी होती, आणि तीही दोन पुढाऱ्यांच्या मधोमध.

माळावर सरकारचा औषधांचा कारखाना नुकताच उभा राहिला होता. कुठून कुठून पोरं नोकरीला येत होती. मी साताऱ्याकडचा, तो नगरकडचा. आमची शिफ्ट एक, स्टोव्ह एक, बादली एक. मत मात्र कशावरच एक नाही. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे, आणि आजच्या आज, असं माझं म्हणणं. मिळेल, पण दिल्लीची अडचणही समजून घेतली पाहिजे, असं त्याचं. दिल्लीची अडचण तो इतक्या सविस्तर समजावून सांगायचा की तोवर भात करपायचा. मग भात कुणामुळे करपला यावर नवा वाद. घरमालकीण मधूनच दारात येऊन म्हणायची, "आरं, जेवा की आदी. मुंबई कुटं पळून जाती व्हय?"

सत्तावन सालची निवडणूक आली आणि ऐन प्रचारात हा विषमज्वराने पडला. मी त्याला म्हटलं, "बघ राव, सरकारी कारखान्यात राबतोस, सरकारपक्षाचा झेंडा मिरवतोस, आणि तुझ्या तापावर सरकारचं औषध लागू नाही!" एरवी त्याने मला तासभर सुनावलं असतं. या वेळी नुसता कूस बदलून पडून राहिला. तेव्हा मात्र मी घाबरलो.

निकाल लागला त्या दिवशी त्याचा ताप उतरायचं नाव घेत नव्हता. आमच्या भागात त्यांचा उमेदवार सपशेल आपटला होता. रस्त्यावर ताशा कडाडत होता, गुलाल उडत होता, कारखान्यातले मित्र बाहेरून मला हाका मारत होते. जन्मात पहिल्यांदा मी ज्याला मत दिलं तो निवडून आला होता, आणि मी कोण, तर हरलेल्या पक्षाच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवणारा.

"कसला रे आवाज?" त्याने विचारलं.

"वरात चाललीय."

"कुणाची?"

"असेल कुणाची तरी. पड गप."

त्याने डोळे मिटले. मला त्याचा असा संताप आला होता म्हणून सांगू! आजारी पडायला या माणसाला दुसरा मुहूर्त मिळाला नाही.

तो हिंडूफिरू लागल्यावर मी सगळं उट्टं काढलं. वरातीची गोष्ट कारखान्याच्या कँटीनमध्ये चहाबरोबर सर्वांना ऐकवली. त्या पक्षाची माणसं किती भोळी असतात, मिरवणूक आणि वरात यांतला फरकही त्यांना कळत नाही, याचा दाखला म्हणून. शिवाय आमच्या विजयी उमेदवाराचं पत्रक आणून त्याच्या सगळ्यात लाडक्या पुढाऱ्याच्या तसबिरीवर खळीने चिकटवलं. हे त्याला फार लागलं. "तुझ्यासारख्या आडमुठ्याला पोरगी देईल तो बाप आंधळाच असला पाहिजे," असं म्हणून त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. मीही टाकलं. स्टोव्ह एकच असल्यामुळे आम्ही न बोलता आळीपाळीने स्वयंपाक करू लागलो. भात मात्र दोघांचाही करपायचा नाही.

त्याने पोरीचा विषय काढला होता तो उगाच नव्हे. माझ्या लग्नाचं तेव्हा चाललंच होतं. एक स्थळ माझ्या करणीने आधीच हातचं गेलं होतं. पोहे खाताखाता मुलीच्या काकांशी मुंबईच्या प्रश्नावर जुंपली, आणि ताटली रिकामी व्हायच्या आत स्थळ मोडलं. म्हणून मामांनी चाकणचं स्थळ आणलं तेव्हा मला शपथ घातली होती की खायचं आणि गप्प बसायचं. मुलीचे वडील चाकणला कांद्याचा व्यापार करणारे, डोक्यावर खादीची टोपी, सरकारपक्षाचे कट्टर. मुलीला वाचता येतं का बघायचं म्हणून मामांनी तिथलंच वर्तमानपत्र तिच्या हातात दिलं. ते अर्थातच त्यांच्या बाजूचं. तिने अग्रलेख खणखणीत आवाजात वाचायला घेतला, अर्ध्यावर आली, थांबली आणि म्हणाली, "हे काही मला पटलं नाही." वडिलांनी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी असती तर उठून आत गेली असती. तिने पान उलटलं आणि पुढे वाचत राहिली.

मला ती मनापासून आवडली. हे लग्न झालं नाही तर आपलं काही खरं नाही, असं मी स्वतःशी ठरवूनही टाकलं. पण आता मुलीकडचे चौकशीला येणार होते, आणि चौकशीला येणारे कधी सांगून येत नाहीत.

ते आले रविवारी सकाळी. खोलीच्या मागे गोणपाटाचा आडोसा लावून केलेली न्हाणी होती. मी पंचा लावून, अंगभर साबण फासून तिथे बसलो होतो, आणि माझे कपडे आत खुंटीवर होते. खोलीचं मागचं दार उघडंच होतं. गोणपाटाच्या भोकातून मला आधी आत पांढरी टोपी दिसली. मग टोपीखाली चाकणचे व्यापारी दिसले.

"आंघोळीला गेलाय तो. बसा," माझा जोडीदार म्हणाला.

"आसू द्या त्येला तकडंच. मला तुमच्याशीच बोलायचं हाय," ते टेकत म्हणाले. "कारखान्यात त्येच्या दोस्तांस्नी इचारलं. लई गुन गायले. दोस्तच त्ये, गानारच. मालकीनबाई म्हनल्या, ह्यो आन् तुमी रोज भांडता. म्हनलं, मग ह्यांनाच इचारू."

अख्ख्या पिंपरीत त्यांनी साक्षीदार निवडला तो नेमका हा! त्यातून त्यांची नजर भिंतींवर फिरली.

"आरं वा, तुमी आपलेच की! आन् ह्ये पत्रक कुनी चिकटवलं?"

"त्यानंच."

"आस्सं. पोरगा कसा हाय?"

"राजकारणात अक्कल शून्य," जोडीदाराने सुरुवात केली. त्याला सुरात यायला वेळ लागत नसे. "आडमुठा. समोरच्याचं ऐकून म्हणून घेत नाही. भात करपवतो आणि नाव माझं घेतो."

हे शेवटचं साफ खोटं होतं. अंगावर कपडे असते तर मी तिथल्या तिथे खोडून काढलं असतं.

"भांडन झाल्यावं काय करतो? हात उगारतो?"

"हात नाही. अबोला धरतो. आत्ताही धरलाय."

"म्हंजी पोरगी दिऊ नगं म्हनता?"

जोडीदाराने भिंतीवरच्या पत्रकाकडे पाहिलं. साबण धुऊन झाला होता, तरी मी तांब्या हातात घेऊन तसाच बसलो. चाकणची मुलगी आता त्याच्या एका शब्दावर होती, आणि तो शब्द मी स्वतः कँटीनमध्ये बसून बिघडवून ठेवला होता.

"आपला उमेदवार पडला ना," तो म्हणाला, "त्या दिवशी मी तापाने फणफणलो होतो. बाहेर यांची मिरवणूक. हा जिंकलेला माणूस. नाचायचं सोडून माझ्या उशाशी बसून राहिला. मी विचारलं, कसला आवाज? तर म्हणाला, वरात आहे."

"आन् तुमाला खरं वाटलं?"

"वरातीत कुणी 'मुंबई आमची' म्हणून ओरडतं का हो? मला तेव्हाच कळलं, आपण पडलो. पण हा इतका जीव तोडून खोटं बोलत होता की मला काही बोलवेना. मग मीच विचारलं, कुणाची वरात? म्हटलं, त्याला तरी बरं वाटू दे."

मी गोणपाटाआड गार पडलो. ज्याला भोळा म्हणून मी गावभर दाखवत फिरलो, त्याने तापातही माझं मन सांभाळलं होतं. कँटीनमधला माझा तो किस्सा त्यानेही शेजारच्या बाकावर बसून ऐकला होता, आणि तरी हे त्याच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर, त्या माणसाबद्दल फार माया वाटली.

पाहुण्यांनी काठीवर हनुवटी टेकली.

"माज्या घरात समदी मला व्हय म्हंत्यात," ते म्हणाले. "ह्यी पोरगी तेवडी न्हाई म्हनती. तिला गप बस म्हननारी स्थळं लई मिळत्यात. मला तिच्याशी भांडनारा पायजे हुता, आन् भांडून बी उशाशी बसनारा." ते उठले. "पुडल्या आयतवारी मामांस्नी घिऊन या म्हनावं, सुपारी फोडाया."

दारात जाऊन ते परत वळले.

"पर काय वो, त्यो संसार मांडून गेल्यावं तुमी कुनाशी भांडनार?"

माझा जोडीदार दिल्लीपासून भातापर्यंत कशावरही तोंडात शब्द तयार ठेवणारा माणूस. त्याने माझा सदरा खुंटीवरून काढला आणि मागे येऊन गोणपाटावर टाकला. मी न्हाणीत साबण केव्हाच निघून गेलेल्या डोक्यावर उगाच आणखी एक तांब्या ओतून घेतला.